नाताळची ट्रिप : वाशी ते रोम, व्हाया तेर!

‘वाशी, ख्रिसमस, मुलांना कुठे न्यावं?’ एवढं टाईप करून बघा. मॉल येतील, लायटिंग येईल, सांतासोबतच्या सेल्फी येतील. सगळं नवी मुंबईच्या वाशीचं! आपली वाशी, धाराशिव जिल्ह्यातली, बालाघाटच्या कुशीतली, ज्वारी-तुरीची वाशी, तिचं काय?

तिचं एकदम झकास आहे! नाताळच्या सुट्टीत मुलांना दाखवायला आपल्याकडे जे आहे ते त्या वाशीच्या एकाही मॉलमध्ये मिळणार नाही. पहिला नाताळ ज्या काळात झाला, त्या काळातल्या वस्तू! प्लॅस्टिकच्या नाहीत, मेड इन चायना नाहीत, ओरिजिनल! त्या आहेत आपल्याच जिल्ह्यात, तेरच्या कै. रामलिंगप्पा लामतुरे शासकीय संग्रहालयात.

सकाळी निघा, संध्याकाळी घरी. मधल्या वेळात रोम, पॉम्पेई, नेपल्स आणि अंतराळ. बसा गाडीत!

माहीत आहे का? तेरला जाणारी एक वाट आपल्याच तालुक्यात सुरू होते, आणि ती पाण्याची आहे. ज्या तेरणेच्या काठावर तेर वसलंय, तिचा उगम तेरखेड्याजवळचा. म्हणजे वाशी तालुक्यातला! तेरला जगाच्या नकाशावर नेणारी नदी आपल्याच माथ्यावरून उतरलेली आहे. मुलांना गाडीतच विचारा, ‘तेरणा कुठून निघते?’ उत्तर आलं तर एक चॉकलेट, नाही आलं तर दोन. लक्षात तरी राहील!

तेरखेडा म्हटलं की मराठवाड्याला दुसरं काय आठवतं? फटाके! दिवाळीच्या बाजारात तेरखेड्याच्या मालाचं नाव निघतंच. आता हे ऐका. इंग्लंडमध्ये ख्रिसमसच्या जेवणाच्या टेबलावर ‘क्रॅकर’ ठेवतात. कागदी नळी, दोघांनी दोन टोकं ओढायची, फट्ट! आत कागदी मुकुट आणि एक छोटी भेट. ही आयडिया १८४०च्या दशकात काढली लंडनच्या टॉम स्मिथ या माणसानं. तो फटाकेवाला होता? छे, मिठाईवाला! आधी गोळ्या कागदात गुंडाळून विकल्या, ‘फट्ट’ नंतर आला.

आता इतिहासाचं एक पान उलटू या. साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचं.

इजिप्तमध्ये राहणाऱ्या, ग्रीक बोलणाऱ्या एका व्यापाऱ्यानं इ.स.च्या पहिल्या शतकात एक गाईड लिहिलं. कुठल्या बंदरात काय मिळतं, काय विकावं, कुठे जपून राहावं, सगळं. नाव ‘पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी’. लिहिणाऱ्याचं नाव? कुणालाच माहीत नाही. पण त्याच्या ५१व्या परिच्छेदात एक गाव आहे, ‘तगर’. पैठणपासून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर. तिथून ढीगभर साधं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांवर लादून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जाते, असं तो लिहितो.

तगर म्हणजे आपलं तेर!

आणि खरी गंमत पुढे आहे. बायबलमध्ये पूर्वेकडच्या ज्ञानी लोकांनी बाळ येशूसाठी तीन भेटी आणल्या : सोनं, ऊद आणि गंधरस. हा ऊद कुठल्या किनाऱ्यावर मिळतो, गंधरस कुठल्या बंदरातून निघतो, हेही याच पेरिप्लसमध्ये लिहिलंय. म्हणजे पहिल्या नाताळाच्या गिफ्टची बाजारपेठ आणि तेरचं कापड एकाच पुस्तकात! आता सांगा, नाताळात तेरला जायचं नाही तर कुठे जायचं?

(बाय द वे, ते ज्ञानी लोक ‘तीन’ होते असं बायबल कुठेच म्हणत नाही. भेटी तीन, म्हणून पुढे माणसंही तीन झाली!)

माहीत आहे का? पेरिप्लसची १०व्या शतकातली हस्तलिखित प्रत जर्मनीत हायडेलबर्गला आहे. तेरच्या मलमलीची नोंद जर्मनीत, आणि मलमल? एक धागाही उरला नाही. कापड विरतं. मागे राहते ती माती, हाड, दगड आणि शंख. संग्रहालयात कापड का दिसत नाही असं मुलं विचारतील, तेव्हा हे सांगा.

तगर नेमकं कुठलं यावर विद्वानांची बरीच खडाजंगी झाली. कुणी म्हणे देवगिरी, कुणी जुन्नर, कुणी कोल्हापूर. १९०१मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी तेरकडे बोट दाखवलं, आणि त्यानंतर हेन्री कझेन्स यांनी तेरला येऊन तिथल्या जुन्या वास्तूंवर सविस्तर लिहिलं. मॅच संपली, ट्रॉफी तेरला!

आता दोन वाशींना जोडणारा पूल. माहीत आहे का? मध्ययुगात ठाणे आणि कोकणावर राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःला मोठ्या अभिमानानं ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवत. तगर या श्रेष्ठ नगरीचे स्वामी! अंबरनाथचं १०६०चं शिवमंदिर त्यांच्याच काळातलं. म्हणजे ज्या ठाण्याच्या खाडीकाठी आज ती दुसरी वाशी उभी आहे, तिथले राजे आपलं मूळ सांगताना आपल्या तेरचं नाव घेत होते. नवी मुंबईच्या पाहुण्यांना हे नक्की ऐकवा. हळूच नको, मोठ्यानं!

ख्रिस्त जन्मला… ख्रिस्तपूर्व?

डोकं गरगरेल, पण खरं आहे. बहुतेक अभ्यासक येशूचा जन्म इ.स.पूर्व ६ ते ४च्या आसपास धरतात, कारण हेरोद राजा इ.स.पूर्व ४मध्ये वारला आणि बायबलनुसार जन्माच्या वेळी तो जिवंत होता. कॅलेंडर मांडणाऱ्यांचं गणित काही वर्षांनी चुकलं!

आणि २५ डिसेंबर? ही तारीख पहिल्यांदा पक्की दिसते ती रोममधल्या इ.स. ३५४च्या एका पंचांगवजा संग्रहात. त्यातली नोंद इ.स. ३३६पर्यंत मागे जाते. तोवर तेरच्या कापडाचे गाडे भडोचला जाऊन तीनशे वर्षं होत आली होती.

रोमचा सम्राट तिबेरियस आठवतोय? येशूच्या उपदेशाच्या काळात गादीवर असलेला. दख्खनच्या सातवाहनकालीन गावांतून रोमन नाण्यांच्या नक्कल केलेल्या मातीच्या चकत्या सापडतात. वर भोक, म्हणजे गळ्यात घालायच्या! त्यातल्या कित्येक तिबेरियसच्या नाण्यांवरून केलेल्या. तेरही याच गावांपैकी एक. विचार करा, इकडच्या एखाद्या पोरीच्या गळ्यात रोमच्या बादशहाचं पेंडंट. इम्पोर्टेड फॅशनची हौस फार जुनी आहे, मंडळी!

लक्ष्मी गेली इटलीला

माहीत आहे का? १९३८ साली इटलीत, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई शहरातल्या एका घरात, एक हस्तिदंती बाई सापडली. उंची साधारण एक वीत. पायात वाळ्यांची चळत, हातात बांगड्यांची चळत, कमरेला मेखला, बाजूला दोन छोट्या दासी. पेहराव बघताच कळावं की ही बाई भारतातली! जगभर ती ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणून प्रसिद्ध झाली. अभ्यासक आता तिला यक्षी म्हणणं पसंत करतात, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

आता कान इकडे करा. तिच्याशी नातं सांगणाऱ्या हस्तिदंती मूर्ती कुठे सापडल्या? एक जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला. आणि दुसरी? तेरला! तेरची ही हस्तिदंती बाई म्हणजे आपल्या जिल्ह्याची सुपरस्टार.

पॉम्पेईवर राख कोसळली ती इ.स. ७९मध्ये. म्हणजे आपल्याकडची ही कलाकुसर त्याआधीच तिथल्या घरात पोचली होती. समुद्र ओलांडून, वादळं झेलून, बिना ट्रॅकिंग नंबरचं पार्सल!

त्याच ज्वालामुखीनं आणखी एकाचा बळी घेतला. प्लिनी. हा रोमन लेखक तक्रार करायचा की भारत दरवर्षी रोमकडून पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमची नाणी, ओढून घेतो. आपल्या बायकांची हौस महाग पडते, असाही त्याचा सूर होता. भारतीय मालावर चिडलेला प्लिनी आणि भारतातून गेलेली लक्ष्मी, दोघांवरही एकाच डोंगराचा कोप!

ती लक्ष्मी आज नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. नेपल्स हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

बाहुल्यांचा बाजार

रोमन लोक डिसेंबरमध्ये काय करायचे? नाताळाच्याही आधीपासून त्यांचा एक धमाल सण होता, सॅटर्नेलिया. १७ डिसेंबरला सुरू. शाळा बंद, मेजवान्या सुरू, मालक नोकरांना वाढायचे. आणि शेवटी भरायचा एक बाजार, ‘सिगिलारिया’. तिथे काय मिळायचं? मातीच्या छोट्या बाहुल्या! एकमेकांना भेट द्यायला. मेणबत्त्याही द्यायचे. डिसेंबर, भेटी, मेणबत्त्या, बाहुल्या… ओळखीचं वाटतंय ना?

आणि तेरच्या काचेच्या कपाटात काय आहे? मातीच्या बाहुल्या!

इथे थांबा. इथे घाई करू नका. मोबाईल खिशात, नाक काचेजवळ. तेरच्या या बाहुल्यांपैकी काही केओलिन नावाच्या पांढुरक्या, मऊ मातीच्या आहेत. आतून पोकळ. कशा केल्या? दोन साचे. एक पुढचा, एक मागचा. दोन्हींत मातीचा पातळ थर दाबायचा, दोन अर्धुकं जोडायची, सांधा बोटानं पुसायचा, भाजायचं. मुलांना काम द्या, बाहुलीच्या कानामागून खांद्यावरून खाली येणारी ती सांध्याची रेघ शोधायची. रेघ दिसली की पोरं किंचाळतात, कारण त्यांच्या प्लॅस्टिकच्या बाहुलीलाही नेमकी तिथेच रेघ असते! दोन साच्यांच्या या तंत्रामागे अभ्यासकांना रोमन प्रभाव दिसतो. चेहरे मात्र पक्के दख्खनी. गोल गाल, भरगच्च कर्णफुलं, आणि केशरचना तर अशा की आजच्या ब्यूटी पार्लरनं फोटो लावावेत.

आता ते नेपल्स काढा. नेपल्समध्ये सान ग्रेगोरिओ आर्मेनो नावाची एक गल्ली आहे. तिथे वर्षभर एकच धंदा, नाताळच्या गोठ्यातल्या बाहुल्या! मरिया, योसेफ, बाळ, मेंढपाळ, सोबत पाववाला, मासेवाला, आणि हो, फुटबॉलपटू आणि राजकारणीही. पिढ्यानपिढ्या मातीतून घडवतात. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम दर नाताळात एक उंच झाड उभं करतं आणि त्याभोवती १८व्या शतकातल्या नेपल्सच्या अशाच मूर्ती मांडतं. लोक तेवढ्यासाठी गर्दी करतात.

नाताळचा गोठा मांडायची प्रथा कुणामुळे रुजली? असिसीचे संत फ्रान्सिस. १२२३मध्ये ग्रेचो या इटालियन गावात त्यांनी गोठा उभा केला आणि त्यात खरा बैल आणि खरं गाढव आणलं! आपल्याकडे वसईच्या ख्रिस्ती पट्ट्यात आणि गोव्यात डिसेंबरभर गोठे सजतात, त्याचं मूळ तिकडे.

मातीचा विषय निघालाय आणि तेरमध्ये आहोत, मग गोरोबाकाकांना विसरून कसं चालेल? संत गोरा कुंभार याच गावचे. त्यांची समाधी इथेच आहे. संतमंडळी जमली असता थापटणं घेऊन प्रत्येकाच्या डोक्यावर टकटक करत कोण पक्कं आणि कोण कच्चं हे त्यांनी पाहिलं, आणि नामदेवांना कच्चं मडकं ठरवलं, ही कथा मुलांना तिथेच सांगा. मग घरातल्या प्रत्येकाच्या डोक्यावर हळूच टकटक. (आजोबांना आधी विचारून!)

थोडक्यात, एका बाजूला रोमच्या बाहुल्या, दुसऱ्या बाजूला नेपल्सच्या, आणि मधे तेर. मातीनं जोडलेली ही तिन्ही गावं एका दिवसात फिरता येतात, तीही धाराशिव जिल्हा न सोडता.

तरंगणारी वीट! होय, वीट!

माहीत आहे का? तेरच्या जुन्या मंदिरांच्या काही विटा पाण्यावर तरंगतात. जादू? नाही, सायन्स. मातीत भुसा-तूस मिसळून वीट भाजली की तूस जळून जातं आणि त्याच्या जागी असंख्य बारीक पोकळ्या राहतात. वीट हलकी होते. शाळेत ‘घनता’ शिकताना कंटाळा येणाऱ्या मुलाला हे एकदा सांगा, पुढचा धडा तोच वाचेल.

तेरचं त्रिविक्रम मंदिर बघायला विसरू नका. विटांचं, मागची बाजू अर्धगोल, छत गजपाठी. असं मंदिर का? कझेन्स यांच्या मते ते मुळात बौद्ध चैत्यगृह होतं. कार्ला, भाजे इथे जो आकार डोंगराच्या पोटात कोरला, तोच इथे विटांत मोकळ्यावर उभा! असं विटांचं चैत्यगृह उभ्या अवस्थेत टिकणं हे देशभरात दुर्मीळ आहे. इतकं दुर्मीळ की खरं तर इथे रोज बसगाड्यांची रांग लागायला हवी. आणि उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट? विटांच्या गावात लाकडाची करामत! शतकानुशतकं टिकलेलं लाकूड बघून सुताराचा हात सलाम करण्याजोगा वाटतो.

एका माणसाचा हट्ट

हे सगळं जमवलं कुणी? रामलिंगप्पा लामतुरे, तेरचेच. गावात नांगर चालला की मणी निघायचे, पाऊस पडला की टेकाडावरून नाणी, बाहुल्यांची डोकी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे उघडे पडायचे. लोकांना ते खापर वाटायचं. लामतुरेंना ते सोनं वाटलं! त्यांनी जमवलेल्या हजारो वस्तू पुढे शासनाच्या ताब्यात आल्या आणि त्यांच्याच नावाचं संग्रहालय उभं राहिलं.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधले डग्लस बॅरेट यांनी १९६०मध्ये एक पुस्तक काढलं, नाव दोनच अक्षरी : ‘तेर’. आणि संशोधक चापेकर यांच्या उत्खननानं तेरचे थर रीतसर उलगडले. पण सुरुवात झाली ती गावातल्या एका माणसाच्या खिशात जमणाऱ्या मण्यांपासून. वाशी तालुक्यातल्या पोरांनो, शेतात काही वेगळं दिसलं तर फेकू नका. मोठ्यांना दाखवा.

पुण्यातही असाच एक हट्टी माणूस होऊन गेला. राजा दिनकर केळकर संग्रहालयातला ‘राजा’ कोण, माहीत आहे का? संस्थानचा राजा नव्हे! दिनकर केळकरांचा लहानपणीच गेलेला मुलगा. त्याच्या आठवणीत बापानं घराघरांतले दिवे, अडकित्ते, वाद्यं, बाहुल्या जमवल्या आणि वीस हजारांच्या वर वस्तूंचा खजिना उभा केला. नाताळात पुण्याला जाणार असाल तर मुलांना हे नाव समजावून सांगा, मगच आत न्या.

सुट्टीला पुण्यातच असाल तर कोथरूडची जोशींची मिनिएचर रेल्वेही गाठा. १ एप्रिल १९९८ला सुरू झाली, आणि एप्रिल फूल अजिबात नाही! इवल्याशा गाड्या, सिग्नल, पूल, सगळं चालू. परदेशात ख्रिसमस ट्रीखाली छोटी आगगाडी फिरवायची फार आवड, ती हौस इथे एका तिकिटात भागते.

म्युझियमवाले आणि ख्रिसमस : जुनी दोस्ती

माहीत आहे का? जगातलं पहिलं छापील ख्रिसमस कार्ड काढणारा माणूस पुढे म्युझियमचा डायरेक्टर झाला! हेन्री कोल, लंडन, साल १८४३. इतक्या लोकांना पत्रं लिहायला वेळ कुठला, म्हणून त्यानं चित्रकार जॉन हॉर्सलीकडून एक कार्ड काढून घेतलं. किंमत एक शिलिंग. चित्रात सगळं कुटुंब वाईनचे पेले उंचावतंय, आणि एक चिमुरडीही घोट घेतेय! दारूबंदीवाले खवळले. त्याच १८४३च्या डिसेंबरात डिकन्सचं ‘अ ख्रिसमस कॅरल’ बाहेर पडलं. कसला डिसेंबर असेल तो!

हाच कोल साऊथ केन्सिंग्टन म्युझियमचा पहिला डायरेक्टर. म्हणजे आजचं व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट. दिवसभर राबणाऱ्या कामगारांनाही बघता यावं म्हणून त्यानं गॅसचे दिवे लावून म्युझियम रात्री उघडं ठेवलं, आणि आत खाण्यापिण्याची सोय केली. म्युझियममध्ये कॅफे! आज मुलं आधी कँटीन शोधतात, त्याचं श्रेय या काकांना.

जगातलं पहिलं मुलांचं म्युझियम? ब्रुकलिन, अमेरिका, १८९९. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयानंही खास मुलांचं म्युझियम काढलंय. आणि या मोठ्या म्युझियमची इमारत पूर्ण झाली तेव्हा आधी आत कोण राहिलं? पहिल्या महायुद्धातले जखमी सैनिक! तिथे आधी लष्करी इस्पितळ चाललं, संग्रहालय लोकांसाठी उघडलं १९२२मध्ये.

न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहासाच्या म्युझियममध्ये दर डिसेंबरला एक ख्रिसमस ट्री लागते, शेकडो ओरिगामी कलाकृतींनी सजलेली. डायनासोर कागदाचा, देवमासा कागदाचा! हे घरी जमेल. जुनी वही, दोन तास, संपूर्ण कुटुंब.

आणि आता थेट अंतराळात. १६ डिसेंबर १९६५. जेमिनी ६ यानातून शिरा आणि स्टॅफर्ड या अंतराळवीरांनी गंभीर आवाजात कळवलं, उत्तरेकडून दक्षिणेकडे काहीतरी उडत चाललंय! खाली सगळे गार. आणि मग वरून वाजलं ‘जिंगल बेल्स’, माऊथ ऑर्गन आणि घुंगरांवर! अंतराळात वाजवलेलं हे पहिलं गाणं. तो माऊथ ऑर्गन आणि ती घुंगरं आता कुठे आहेत? म्युझियममध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय हवाई आणि अंतराळ संग्रहालयात.

मराठीत ख्रिस्तकथा, तीही १६१६ची!

माहीत आहे का? येशूची कथा मराठी ओव्यांत गुंफणारा पहिला मोठा कवी इंग्रज होता. फादर थॉमस स्टीफन्स, १५७९मध्ये गोव्यात आले आणि मराठीच्या प्रेमात पडले. त्यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६मध्ये गोव्यातल्या राशोल इथे छापलं गेलं. ओव्या दहा हजारांहून जास्त! लिपी मात्र रोमन. आणि त्या पहिल्या छापील आवृत्तीची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

योगायोग बघा, त्याच राशोलच्या सेमिनरीत १९९४मध्ये ख्रिस्ती कलेचं संग्रहालय सुरू झालं. पुढे ते जुन्या गोव्यात सांता मोनिका मठात गेलं. हस्तिदंती बाळ येशू, चांदीची कामं, गोव्याच्या कारागिरांचे हात. तेरची हस्तिदंती बाई बघून झाली असेल तर गोव्याचं हस्तिदंत बघाच. दख्खनची बोटं दोन्हीकडे ओळखू येतात, असं मला मनापासून वाटतं.

सुट्टी १ जानेवारीला संपली असं समजू नका! गोव्यात ६ जानेवारीला तीन राजांचा उत्सव असतो. रेइश मागुश, कासावली, चांदर इथे गावातलीच तीन मुलं राजे बनतात, मुकुट घालतात, आणि कासावलीला तर घोड्यावर बसून टेकडीवरच्या चॅपलला जातात.

आणि पोटाचं काय?

प्लम केकसाठी वाशीत धावाधाव कशाला? भूम-वाशीकडचा खवा ताजा, चुलीवर आटवलेला. तो घ्या, कुंथलगिरीचे पेढे घ्या, डब्यात भरा. गाडीत वास सुटला की तेर येईपर्यंत डबा टिकला तरच रेकॉर्ड!

शिवाय नाताळच्या आगेमागेच येते आपली येळवस! मार्गशीर्षातली वेळ अमावस्या. धाराशिव-लातूरकडचं घरन्‌घर शेतात. कडब्याची कोप उभी करायची, पूजा करायची, मग आंबील, भज्जी, उंडे, खीर. भज्जीत किती भाज्या पडल्या हे मोजायची पैज मुलांशी लावा. मेंढपाळांच्या कथेतला गोठा आणि शेतातली कडब्याची कोप एकाच महिन्यात बघणारी मुलं फार भाग्यवान. येळवशीला कोप बांधताना एक छोटी कोप घरासाठीही बांधा. तिच्यात मातीचे बैल ठेवा, मातीची माणसं ठेवा. नाताळचा गोठा आणि येळवशीची कोप, टू इन वन!

तर प्लॅन पक्का?

आधी फोन करून संग्रहालयाचा सुट्टीचा वार विचारा. २५ डिसेंबरला सरकारी सुट्टी असते, त्यामुळे त्या तारखेची चौकशी हमखास करा. आत फोटो चालतात का, हेही तेव्हाच विचारा. मग तेरखेडा, येरमाळा करत धाराशिवकडे, आणि तिथून तेर.

प्रत्येक मुलाला एक कोरी वही आणि पेन्सिल द्या. आत गेल्यावर चार गोष्टी शोधायच्या. एक, बाहुलीच्या अंगावरची सांध्याची रेघ. दोन, सर्वांत भन्नाट केशरचना. तीन, असा मणी ज्याचं भोक दोन्ही बाजूंनी कोरलंय. (अकीक फार कठीण. कारागीर अर्धं भोक इकडून पाडायचा, अर्धं तिकडून, आणि दोन्ही मधोमध भेटायची. नीट बघितलं तर भेटीची ती जागा किंचित तिरकी दिसते!) चार, सातवाहन नाण्यावरचा हत्ती, किंवा चार गोलांनी सजलेली फुली, जिला ‘उज्जैन चिन्ह’ म्हणतात.

ती फुली वहीत उतरवून घ्या. घरी आल्यावर पुठ्ठ्यावर काढा, कापा, सोनेरी कागद चिकटवा, वर दोरा ओवा. ख्रिसमस ट्री असो, तुळशीवृंदावन असो नाहीतर खिडकीचे गज, कुठेही टांगा. पहिला नाताळ झाला तेव्हा दख्खनच्या बाजारात हाच शिक्का चालत होता. आणि शेजाऱ्यांनी ‘कुठून आणलंत हो हे डेकोरेशन?’ असं विचारलं की सांगा, ‘तेरहून. पुढच्या रविवारी तुम्हीही चला, गाडीत दोन जागा आहेत!’